सात मिलीमीटरने अडलंय: खाली बसलेली सिव्हिक घरी जॅकवर कशी घ्यायची?

तेलकटहात (पुणे)

नमस्कार मंडळी. २००९ ची होंडा सिव्हिक आहे, मॅन्युअल गिअरची, सेकंड हँड घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने लोअरिंग स्प्रिंग बसवलेत, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या गेटावरचा गतिरोधक मी तिरका पार करतो आणि वॉचमनकाका रोज हसतात. ते असो.

ऑइल घरीच बदलायचं ठरवलंय. मागच्या खेपेला एका गॅरेजने चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) बोल्टचे आटे घालवले आणि वर मलाच सांगितलं, "जुनी गाडी आहे साहेब." बोहरी आळीतून दोन टनी ट्रॉली जॅक आणि घोड्यांची (उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी स्टँडची) जोडी आणली. घरी येऊन मोजलं तर जॅकची कमीत कमी उंची १३५ मिमी. गाडीचा पुढचा मधला जॅक पॉइंट जमिनीपासून १२८ मिमीवर, आणि त्याच्या आधी आडवा येणारा बंपर ११५ वर! म्हणजे जॅक आतच जात नाही.

प्रश्न दोन. एक, ही सात मिलीमीटरची (बंपरपाशी तर वीस) अडचण कशी सोडवायची? नवा लो-प्रोफाइल जॅक घ्यायला बायको परवानगी देणार नाही. दोन, बाजूच्या पॉइंटला, म्हणजे पुढच्या चाकामागे दाराखाली जॅक लावला, तर घोडी कुठे ठेवायची? गाडीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे पुस्तिकेत, दोन्हीसाठी तीच जागा दाखवली आहे. खाली पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत.

कशालाउपद्व्याप

वॉशिंग सेंटरला जा, रॅम्पवर चढवतील, वीस मिनिटांत काम होईल. चहा प्या, घरी या.

तेलकटहात

दादा, चहा पिऊनच आटे गेले होते.

डेपोतले काका (सातारा)

तेलकटहात, आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण तो प्रश्न फार कमी लोकांना पडतो. बहुतेक जण बाजूला जॅक लावतात, घोडीला जागा नाही म्हणून ती लावतच नाहीत, आणि "पाचच मिनिटांचं काम आहे" म्हणत खाली सरकतात. तू मधल्या पॉइंटवरूनच उचल. म्हणजे दोन्ही बाजूंच्या जागा घोड्यांसाठी मोकळ्या राहतात. तो पॉइंट पुढच्या सबफ्रेमला, म्हणजे इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीला असतो. मॅन्युअलमधलं चित्र बघूनच लाव, अंदाजाने चेंबरला जॅक लावलास तर आटे जाण्यापेक्षा मोठं दुःख पदरात पडेल.

आता सात मिलीमीटर. लाकडाच्या वखारीतून दीड इंची फळी आण. टायरपेक्षा रुंद, दोन फूट लांब, असे दोन तुकडे. एक टोक रंध्याने उतरतं करून घे म्हणजे टायर धक्का न देता चढेल. सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या उचलून आणू नकोस, गाठी आणि खिळ्यांच्या भोकांतून त्या अचानक चिरतात. वीट आणि पेव्हर तर नकोच. लाकूड आधी करकरतं, तुला सावध करतं. वीट काही न सांगता फुटते. फळ्यांखाली जुनं रबरी पायपुसणं टाक, नाहीतर टायर चढायच्या ऐवजी फळीच मागे उडेल. पुढची दोन्ही चाकं वर चढली की ३८ मिमी मिळाले.

आता माझी फजिती ऐक. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. बस उचलल्या, बसखाली झोपलो, एकदा पिटमध्ये डबाही खाल्ला. निवृत्तीनंतर दिवाळीला जावई आले, त्यांच्या गाडीच्या मागच्या ब्रेकमधून चर्र आवाज येत होता. म्हटलं, आणा इकडे. अंगणात पेव्हर. बाजूने ट्रॉली जॅक लावला, दांडा मारत गेलो. अर्ध्या फुटावर चाक आलं आणि जॅकची वाटी, म्हणजे गाडीला टेकणारं टोक, हळूच, अगदी बोटभर, माझ्याकडे सरकली. मग कर्र असा आवाज आणि दाराखालची पत्र्याची धार कागदासारखी दुमडली. गाडी खाली बसली. मी त्यावेळी खाली नव्हतो. स्टेपनीचं चाक सवयीने दाराखाली आडवं सरकवून ठेवलं होतं, त्यावर ती टेकली. जावई काही बोलले नाहीत. बायको बोलली.

कारण नंतर कळलं. नंतर म्हणजे त्याच रात्री, झोप येईना तेव्हा. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. वर जाताना वाटी दांड्याच्या बाजूला मागे येते. म्हणून जॅकला चाकं दिलेली असतात, माल वाहायला नव्हे. गाडी जागेवर राहिली तर जॅकने स्वतः आत सरकायला हवं. माझ्या जॅकचं पुढचं लोखंडी चाक दोन पेव्हरच्या फटीत रुतलं होतं. जॅक सरकेना, गाडी सरकेना, मग वाटी सरकली. डेपोत बसला बॉटल जॅक लावायचो, तो सरळ वर जातो, त्यामुळे ही गोष्ट आयुष्यात कधी डोक्यात आलीच नव्हती.

तर पेव्हरवर जॅकखाली १८ मिमी प्लायवूडचा मोठा तुकडा टाक, इतका लांब की जॅक त्यावर अर्धा फूट तरी पुढे सरकू शकेल. हिशेब कर: १३५ आणि १८ मिळून १५३. फळ्यांवर चढल्यावर तुझा बंपर १५३ च्या वर गेला पाहिजे. बंपर पुढे लोंबतो, त्यामुळे तो फळीपेक्षा थोडा जास्तच उचलला जाईल, पण टेप लाव. सुरुवातीला दांडा बंपरला अडेल, छोटे छोटे झटके दे, गाडी वर येईल तशी जागा होत जाईल. प्रत्येक चार झटक्यांनी वाकून बघ, जॅक सरकतोय ना.

मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचर, हँडब्रेक ओढलेला. तुझी गाडी पुढच्या चाकांवर ओढते. पुढची चाकं हवेत गेली की गिअरचा उपयोग शून्य. ऑटोमॅटिकवाल्यांनो, तुमचा 'पी' (पार्क) गिअरसुद्धा तेव्हा बिनकामाचा, वाचताय ना? मागची बाजू उचलताना उलटं: हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो, तो हवेत काय धरणार? तेव्हा गिअर आणि पुढच्या चाकांना पाचर.

शाहूपुरीकर (कोल्हापूर)

काकांनी सगळंच सांगितलंय, माझे फक्त दोनच मुद्दे. मी स्वतः अशाच खाली बसलेल्या गाडीची धनीण आहे.

घोडीच्या लोखंडी डोक्यावर गाडी थेट टेकवली की दाराखालची धार वाकते आणि रंग उडतो, मग पावसाळ्यात तिथूनच गंज. मी ट्रकच्या जुन्या टायरचा पंधरा मिमी जाड तुकडा कापला आणि हॅकसॉने मधोमध खाच पाडली. धार त्या खाचेत बसते. खर्च: रिमोल्डवाल्या मामांना एक चहा.

आणि घोड्या घेताना लोक फक्त टन बघतात. घोडीची कमीत कमी उंची आणि जॅकची जास्तीत जास्त उंची जुळते का, ते बघायला विसरतात. माझ्या पहिल्या घोड्या इतक्या उंच निघाल्या की जॅक पूर्ण वर करूनही त्या आत जाईनात. शेवटी त्या आईने अंगणात कुंड्या ठेवायला घेतल्या.

तेलकटहात

काका, ताई, रविवारी केलं. सविस्तर लिहितो.

वखारवाल्याने फळीचं टोक तिरकं करून दिलं, वर विचारलं, "देवघराला का?" फळ्यांवर चढल्यावर बंपर १५७. प्लायवर जॅक ठेवून आत सारला, चार मिलीमीटर उरले. दांडा मारताना जॅक प्लायवर खरंच आत सरकताना दिसला, जवळजवळ चार बोटं! काका, तुम्ही सांगितलं नसतं तर माझं तिकडे लक्षच गेलं नसतं. घोड्यांची किमान उंची २७०, खाली प्लाय, वर रबर, तरी दीड बोट जागा राहिली. दोन्ही घोड्यांवर गाडी उतरवली, जॅक नुसता टेकवून ठेवला, गाडीला कमरेने दोन जोरदार धक्के दिले. हलली नाही. एक जुनं चाकही आत सरकवून ठेवलं.

ऑइल काढलं, फिल्टर बदलला, बोल्टला नवा वायसर घातला आणि टॉर्क पान्याने ४० न्यूटन मीटरला 'टक्' झाल्यावर हात आखडता घेतला. फिल्टरसकट ३.७ लिटर लागलं.

आता फजिती. गाडी खाली घेताना वाटलं, फळ्यांचं काम झालं, आणि मी शहाण्यासारख्या त्या आधीच काढून घेतल्या. गाडी जमिनीवर आली आणि जॅक खाली अडकून बसला. १३५ चा जॅक, १२८ ची जागा, त्यात प्लाय! व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, तरी निघेना. शेवटी डिकीतला कात्री जॅक बाजूला लावून तिला पुन्हा जरा उचललं तेव्हा तो सुटला. वॉचमनकाका खुर्ची आणून बसले होते.

घोड्यांवरच्या गाडीचा फोटो टाकतोय.

डेपोतले काका (सातारा)

फळ्या शेवटपर्यंत ठेवायच्या, चाकं त्यांच्यावरच उतरवायची, हे मी लिहायला हवं होतं. चूक माझी.

फोटो मोठा करून बघितला. डाव्या घोडीचा मागचा पाय प्लायच्या बाहेर, पेव्हरच्या सांध्यावर आलाय. पुढच्या वेळी चौरस फुटापेक्षा मोठा तुकडा घे. आणि तो चेंबरचा बोल्ट उद्या सकाळी गाडी थंड असताना एकदा हात लावून बघ, ओला लागतो का.