सोसायटीत नवीन घर घेतलेल्यांचं स्वागत कसं करता?

कोथरूडकर:
आमची २४ फ्लॅटची जुनी सोसायटी, बहुतेक सगळे पहिल्यापासूनचे शेजारी. वर्षभरात तीन फ्लॅट रिसेलला गेले आणि त्या तिन्ही घरांशी आमचं पहिलं बोलणं काय, तर "दुपारी २ ते ४ ड्रिलिंग बंद ठेवा". मला फार वाईट वाटतं याचं. पुढच्या महिन्यात चौथं कुटुंब येतंय, दोन लहान मुलं आहेत. तुमच्याकडे काय करता? की गणपतीत होतेच ओळख, तोवर थांबायचं?

मीनल_ठाणे:
गणपतीपर्यंत थांबू नका हो. टेम्पो येतो त्या दिवशी गॅस जोडलेला नसतो, भांडी खोक्यात, पोरं भुकेली. आम्ही आलो तेव्हा समोरच्या काकू पिठलं-भाकरी आणि पाण्याची कळशी घेऊन आल्या, सोबत एक कागद, पाणी किती वाजता येतं, कचऱ्याची गाडी कधी, दूधवाला, प्लंबर सगळ्यांचे नंबर. अकरा वर्षं झाली, दूधवाला दोनदा बदलला पण कागद अजून फ्रीजवर आहे.

सेक्रेटरी_बी_विंग:
पैशाचंही बघा. आमची आधीची कमिटी नवीन माणसाकडे 'देणगी' मागायची, मग तो मीटिंगला मोकळेपणाने बसणार कसा? महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट विकला गेला की सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,०००, त्यावर देणगी, फंड कुठल्याच नावाने घेता येत नाही. ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १००, ते वेगळे. शेअर सर्टिफिकेटवर (सोसायटीच्या शेअर्सचा दाखला) नाव चढलं की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हातात द्या, आणि नॉमिनेशन फॉर्म (आपल्या पश्चात वारस म्हणून कुणाचं नाव सुचवायचं तो) तेव्हाच भरून घ्या, नाहीतर राहूनच जातो.

नाशिकची_नवीन:
मी घर घेणाऱ्यांच्या बाजूने सांगते. पहिल्याच आठवड्यात मी चुकून दुसऱ्यांच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, कुणी सांगितलंच नव्हतं कुठली जागा कुणाची, आणि थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या गाडीचा फोटो. खूप रडले त्या रात्री. प्लीज, आधी बेल वाजवा. आणि नवीन माणसाला काहीतरी काम द्या, मला कोजागिरीचं दूध आटवायला बोलावलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण इथले.

कोथरूडकर:
मनापासून आभार. कागद आजच लिहायला घेतो, पार्किंगचा नकाशा पण काढतो त्यावर. पिठलं-भाकरी आमच्याकडून. आणि ते चौथे यायच्या आधी, या रविवारी, त्या तिघांच्या घरी जाऊन येतो.