गच्चीवरच्या उड्या: बुधवार सकाळचा सोसायटी ग्रुप

[५:५१] अण्णा बी-७०४: ग्रुपवर कोणी जागं आहे का? की फक्त आमच्या डोक्यावरचेच जागे आहेत?

[५:५२] अण्णा बी-७०४: मूळ मुद्दा: पहाटे साडेपाचला बी विंगच्या गच्चीवर रोहितच्या व्यायामाच्या बॅचच्या उड्या बंद. मागच्या मीटिंगला "महिन्याभरात बघू" म्हणालात. तो महिना श्रावणातच संपला.

[६:०४] मीनाताई बी-३०२: सुप्रभात 🌸

[६:०५] अण्णा बी-७०४: कसलं सुप्रभात.

[६:२६] रोहित ए-५०३: अण्णा, नमस्कार. बॅच आत्ताच संपली. स्पीकर गेल्या सोमवारपासून बंद आहे, फक्त तोंडी मोजणी चालते. आठ जण आहेत, त्यातले पाच बी विंगचेच.

[६:२८] अण्णा बी-७०४: मोजणीचं कोण बोलतंय? धपाधप ऐकू येते त्याचं बोला.

[६:३१] सुनीतावहिनी बी-६०१: अण्णा, गुरुवारची तुमची आरती सहाव्या मजल्यावर घंटेसकट पोचते. आम्ही कधी ग्रुपवर टाकलं नाही 🙏

[६:३२] अण्णा बी-७०४: आरती संध्याकाळी असते वहिनी. आणि आम्ही उड्या मारत आरती करत नाही.

[६:३५] सेक्रेटरी ए-१०१: मंडळी, सर्वांना विनंती, वैयक्तिक नको. रविवारी मीटिंग आहे, तिथे विषय घेऊ.

[६:४०] भाऊ सी-६०५: मीटिंगच्या आधी तांत्रिक बाजू सांगतो. स्पीकरचा आवाज हवेतून येतो, खिडकी लावली की कमी होतो. उडीचा आवाज स्लॅबमधून बीम-भिंतीत उतरतो, त्याला खिडकी काय करणार. योगा मॅट ६-८ मिमीची असते. ती गुडघ्याखाली ठीक, पण असला खोल दणका तिला जुमानत नाही. त्यातून आठ जण एका ठेक्यावर उडतात, मग सगळे धक्के एकाच क्षणी बसतात. २०११ साली सोलमध्ये ३९ मजली इमारत दहा मिनिटं हलली होती. लोक भूकंप समजून पळाले. तज्ज्ञांनी कारण काढलं ते बाराव्या मजल्यावरच्या जिममधले सतरा-एक जण आणि त्यांचा ताय-बो, म्हणजे ठोसे-लाथांचा ठेक्यावरचा व्यायाम.

[६:४१] मीनाताई बी-३०२: बापरे. म्हणजे बी विंग पडणार?

[६:४२] भाऊ सी-६०५: नाही हो ताई. तिथेही पडली नाही. आठ माणसांनी स्लॅब पडत नाही, झोप मोडते. मला काळजी ब्रिकबॅट कोब्याची, म्हणजे गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराची. दोन पावसाळ्यांपूर्वी वॉटरप्रूफिंग केलंय. रोहित, तिथे दोरी, रॉड, काहीही बोल्ट मारून बसवायचं नाही. एक भोक पडलं की अण्णांच्या छताला ओल.

[६:४३] अण्णा बी-७०४: ओल आधीच आहे. फोटो तीनदा टाकलाय.

[६:४३] खजिनदार ए-३०१: ओलीचा विषय वेगळा, त्यासाठी कोटेशन आलेलं नाही.

[६:४४] अण्णा बी-७०४: मूळ मुद्दा: पहाटे साडेपाचला गच्चीवर उड्या बंद.

[६:५०] काका ए-२०४: मुळात ह्या सगळ्याची गरजच काय? चालणं हाच सर्वांगसुंदर व्यायाम. आमचा चालायचा ग्रुप एवढी वर्षं कोणालाही त्रास न देता चालतोय.

[६:५१] सुनीतावहिनी बी-६०१: हो, गेटपाशी उभं राहून चालतो 😄

[६:५२] काका ए-२०४: हा संदेश हटवण्यात आला आहे

[७:०३] रोहित ए-५०३: काका, चालणं वाईट असं कोणी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत दोन्ही आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, नाहीतर ७५ ते १५० मिनिटं जोराचा, किंवा दोन्हींची मिसळ. वर दोन दिवस ताकदीचे व्यायाम. पण "मध्यम" म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. गप्पा मारत, फोन कानाला लावून चालणं ह्यात बसेलच असं नाही. जोराचा म्हणजे तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावाच लागतो.

[७:०४] मीनाताई बी-३०२: मग ग्रुपवरच्या भांडणाला धाप लागते ते जोराचं धरायचं का?

[७:१०] डॉक्टर मॅडम सी-२०१: ओपीडीला निघायच्या आधी थोडं लिहिते. जोराच्या व्यायामाचा सगळ्यात पक्का फायदा वजनावर नाही, दमावर आहे. म्हणजे शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. जोर लावताना हृदयाकडे भरपूर रक्त परत येतं, काही आठवड्यांत ते एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं, म्हणून विश्रांतीची नाडी उतरते. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात. आणि कामाला लागलेला स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता ओढतो. व्यायामानंतरही दिवसभर, कधी दोन दिवस तो इन्सुलिनला जास्त दाद देतो. म्हणून मधुमेहात दोन दिवसांहून मोठा खंड नको म्हणतो.

[७:१२] डॉक्टर मॅडम सी-२०१: वजनाचं मात्र फुगवून सांगतात. "नंतर दिवसभर कॅलरी जळतात" हे खरं, पण किती? २०० कॅलरीचा व्यायाम केलात तर नंतरच्या २०-३०. पाव पोळी.

[७:१३] खजिनदार ए-३०१: तुपाची की बिनतुपाची?

[७:१४] अण्णा बी-७०४: मॅडम, तुमचा आदर आहे. पण मूळ मुद्दा: पहाटे साडेपाचला गच्चीवर उड्या बंद.

[७:२०] रोहित ए-५०३: अण्णा, तुमच्याच मुद्द्यावर येतोय. ह्यातला कुठलाही फायदा उडीतून येत नाही, नाडी चढण्यातून येतो. ज्या प्रयोगांमुळे हा थोडा वेळ जोर, मग विश्रांती असा प्रकार गाजला ते बहुतेक सायकलवर नाहीतर ट्रेडमिलवर झालेत. ताबाता घ्या. १९९६ साली जपानमध्ये, तरुण विद्यार्थ्यांवर, सायकल: २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबा, सात-आठ फेऱ्या. दुसरा गट एक तास मध्यम वेगाने. सहा आठवड्यांनी दम दोघांचा वाढला, पण थोड्या वेळाच्या जोराची ताकद फक्त पहिल्या गटाची, २८ टक्के. यूट्यूबवर ताबाता म्हणून जे चालतं ते बहुतेक वेळा ताबाता नसतंच. खऱ्यात आठव्या फेरीला पाय साथ सोडतात. ज्याला लगेच दुसरा व्हिडिओ लावता येतो त्याने नुसती हालचाल केली.

[७:२२] सुनीतावहिनी बी-६०१: मग आम्ही वर काय करतोय रे इतके दिवस 😳

[७:२५] रोहित ए-५०३: वहिनी, आपण करतो ते ४०-२० चं सर्किट, ४० सेकंद व्यायाम, २० सेकंद विश्रांती. चांगलंच आहे, फक्त ताबाता नाही. पन्नाशीच्या पुढे मला नॉर्वेची ४×४ पद्धत जास्त पटते. १० मिनिटं वॉर्मअप, मग ४ मिनिटं जोर, ३ मिनिटं हळू, असं चारदा, शेवटी ५ मिनिटं उतरती. साधारण ४० मिनिटं. जोरात नाडी कमाल नाडीच्या ८५ ते ९५ टक्के, हळूत ६० ते ७०. लोक चुकतात ते पहिल्याच मिनिटाला. नाडी चढायला दीड-दोन मिनिटं लागतात. घड्याळात आकडा दिसत नाही म्हणून सुसाट सुटतात आणि तिसऱ्या मिनिटाला कठड्याला टेकतात. चौथी फेरी पहिलीच्याच वेगाने झाली पाहिजे.

[७:२७] काका ए-२०४: कमाल नाडी म्हणजे २२० वजा वय. हे आम्हालाही माहीत आहे.

[७:३०] रोहित ए-५०३: काका, ते चाळिशीपर्यंत चालतं. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र ज्येष्ठांना जास्त जुळतं. चाळिशीला दोन्ही १८०. सत्तरीला पहिलं १५० देतं, दुसरं १५९. आणि दोन्ही सरासरी, एकेका माणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे.

[७:३१] डॉक्टर मॅडम सी-२०१: आणि मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर दोन्ही सूत्रं विसरा. गोळी नाडी चढूच देत नाही. आकडा गाठायच्या नादात माणूस नको तेवढा जोर लावतो. त्यांनी बोलण्याची कसोटीच वापरायची.

[७:३३] मीनाताई बी-३०२: मॅडम, गुडघे दुखणाऱ्यांनी काय करायचं? आणि उडी मारताना... बायकांना कळेल काय म्हणते ते.

[७:३८] डॉक्टर मॅडम सी-२०१: ताई, बरं विचारलंत. उडीने लघवी निसटणं हे बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावर खूप जणींना होतं. लाजून सोडून देतात, बॅचही सोडतात. उडी बंद करा, व्यायाम बंद करू नका. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या. गुडघ्यांसाठी जपानी चाल बघा: ३ मिनिटं भरभर, ३ मिनिटं सावकाश, पाच वेळा, आठवड्यातून चार दिवस. मात्सुमोतोच्या शिनशू विद्यापीठाने मध्यमवयीन आणि ज्येष्ठांवरच केलेलं काम आहे, २००७ चं. सलग एकाच वेगाने चालणाऱ्यांपेक्षा ह्यांच्या मांड्यांची ताकद आणि दम जास्त वाढले, रक्तदाबही जास्त उतरला.

[७:४०] काका ए-२०४: म्हणजे चालणंच. मी हेच म्हणत होतो.

[७:४१] सुनीतावहिनी बी-६०१: भरभर काका, भरभर.

[७:४२] काका ए-२०४: भरभर चालायला जागा हवी. ए विंगच्या मागे रॅम्पवर कोणाची तरी पांढरी गाडी महिनाभर आडवी आहे. सेक्रेटरी साहेबांना दिसत नाही.

[७:४३] सेक्रेटरी ए-१०१: काका, ती गाडी बी-४०२ च्या पाहुण्यांची. दोनदा कळवलंय.

[७:४४] अण्णा बी-७०४: गाडीला दोनदा कळवलं. आम्हाला एकदा तरी उत्तर द्या. मूळ मुद्दा: पहाटे साडेपाचला गच्चीवर उड्या बंद.

[७:५०] भाऊ सी-६०५: अण्णा, नियम बघितला तर स्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, ती बॅच पाळतेय. उडीसाठी वेगळी वेळ कायद्यात मिळणार नाही, ती आपणच ठरवायची. रबराच्या जाड लाद्या २५-४० मिमीच्या मिळतात, आवाज बराच कमी होईल, जाणार नाही. पण गच्चीवर कायम टाकल्या तर खाली पाणी मुरेल. रोज उचलून ठेवायच्या.

[७:५१] खजिनदार ए-३०१: लाद्यांचे पैसे सोसायटीतून मिळणार नाहीत. आधीच सांगतो.

[७:५५] रोहित ए-५०३: लाद्यांची गरजच पडणार नाही. ह्या आठवड्यापासून बदल असे. जम्पिंग जॅकऐवजी बाजूला पाऊल टाकत हात वर. बर्पीत उडी काढून एकेक पाय मागे. हाय नीज (गुडघे उंच उचलणं) धावत नाही, जागच्या जागी कूच, हातात दोन-दोन किलोचे डंबेल. स्क्वॉटमधून उठताना डंबेल डोक्यावर. ह्यात एक पाय कायम जमिनीवर असतो. नाडी तेवढीच चढवता येते, फक्त विश्रांती २० ऐवजी १५ सेकंद करावी लागते. शुक्रवारी ४×४ खाली रॅम्पवर, चढावर भरभर चाल.

[७:५६] सुनीतावहिनी बी-६०१: आणि जिना? कॅनडात जिन्यावर काहीतरी केलं होतं ना, तू म्हणालेलास.

[८:००] रोहित ए-५०३: हो, मॅकमास्टर विद्यापीठात, २०१७. बैठं काम करणाऱ्या बायकांवर. २० सेकंद जिना जोरात चढायचा, तीनदा, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. वॉर्मअप धरून दहा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. सहा आठवड्यांत दम वाढला. चढताना जोर, उतरताना कठडा धरून सावकाश. घोटे मुरगळतात ते उतरताना.

[८:०१] सुनीतावहिनी बी-६०१: बी विंगचा जिना मोकळा हवा मग. सातव्यावर चपलांचं कपाट, दोन तुळशी आणि जुना कूलर आहे.

[८:०२] अण्णा बी-७०४: तुळस कोणाच्या डोक्यावर उड्या मारत नाही.

[८:०३] भाऊ सी-६०५: अण्णा, जिन्यात सामान ठेवणं आगीच्या दृष्टीने खरंच चूक आहे. व्यायाम असो नसो.

[८:०४] अण्णा बी-७०४: वा. तक्रार आम्ही केली आणि नोटीस आम्हालाच.

[८:१०] डॉक्टर मॅडम सी-२०१: जाता जाता बॅचसाठी. रोहित, हे पिन करून ठेव. वरचा रक्तदाब १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल त्या दिवशी जोराचा व्यायाम नाही. स्टेंट, छातीत दुखण्याचा इतिहास किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी साखर तपासायची, ९० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पोटात गेल्याशिवाय वर जायचं नाही. उलट, खूप जोर लावल्यावर साखर तासभर चढलेली दिसते. ती ॲड्रेनलिनमुळे, घाबरून जास्तीचं इन्सुलिन घेऊ नका. ताप असताना नाही. शेवटच्या फेरीनंतर एकदम बसायचं नाही, रक्त पायात साचतं आणि चक्कर येते. आणि नवीन माणसाला पहिल्याच दिवशी शंभर स्क्वॉट नकोत. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर थेट हॉस्पिटल, स्नायू फुटून किडनीवर ताण येतो.

[८:११] मीनाताई बी-३०२: सकाळी सकाळी चहा घेत होते 😐

[८:१५] काका ए-२०४: इतकं जोखमीचं आहे तर करायचं कशाला? माझा एकच प्रश्न. आयुष्य वाढतं का?

[८:२१] डॉक्टर मॅडम सी-२०१: काका, प्रश्न योग्य आहे. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये सत्तरीतल्या १,५६७ लोकांवर पाच वर्षं हे पाहिलं, निकाल २०२० मध्ये आला. व्यायाम नेमून दिलेल्यांत आणि नुसता सल्ला दिलेल्यांत मृत्यूंत ठळक फरक निघाला नाही. कारण सल्लावालेही बऱ्यापैकी हलते-फिरते निघाले. हृदय कमजोर असलेल्यांत २००७ च्या छोट्या प्रयोगात जोराचा व्यायाम खूप सरस दिसला होता, २०१७ च्या मोठ्या प्रयोगात ती सरशी टिकली नाही. बऱ्याच जणांना ठरलेला जोर गाठताच आला नव्हता. म्हणून मी "आयुष्य वाढतं" असं लिहून देणार नाही. दम वाढतो, साखर-रक्तदाबाला मदत होते, वेळ कमी लागतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, रोज नको. निघते.

[८:२३] रोहित ए-५०३: रोज नकोच. आपली बॅच सहा दिवस आहे, पण एका माणसाने जोराचे तीनच करायचे, मधे ४८ तास.

[८:२४] अण्णा बी-७०४: म्हणजे तीनच दिवस पुरतात तरी सहा दिवस आमच्या डोक्यावर?

[८:२६] रोहित ए-५०३: दोन तुकड्या आहेत अण्णा. पण बरोबर आहे तुमचं. गच्चीवर सोम-बुध, सहा वाजता, उडी नाही. शुक्र-शनि रॅम्प. मंगळ-गुरु बंद.

[८:२८] सेक्रेटरी ए-१०१: उत्तम. रविवारपर्यंत ही तात्पुरती व्यवस्था समजावी. सर्वांचे आभार 🙏

[८:२९] अण्णा बी-७०४: लेखी द्या.

[८:२९] सेक्रेटरी ए-१०१: हे लेखीच आहे ना अण्णा.

[८:३०] अण्णा बी-७०४: लेटरहेडवर.

[८:३३] काका ए-२०४: रॅम्पवरची पांढरी गाडी कोण काढणार ते पण लेटरहेडवर लिहा.

[८:३४] मीनाताई बी-३०२: बी विंगची लिफ्ट परत तिसऱ्यावर अडकलीये. आत कोणी नाही. भाजीवाला खाली थांबलाय अण्णांची पिशवी घेऊन.

[८:३५] सुनीतावहिनी बी-६०१: अण्णा, जिना चढताना सावकाश हं. आणि सातव्यावर कूलर आहे, बघून.

[८:३६] अण्णा बी-७०४: मूळ मुद्दा: लिफ्ट.