बीपी नॉर्मल आलं म्हणून बाबांनी गोळी बंद केली, कसं समजावू?

सावली: बाबा ६४ वर्षांचे, दीड वर्ष अमलोडिपिन ५ ची गोळी चालू होती आणि बीपी १२८/८० च्या आसपास असायचं. मागच्या महिन्यात कुणाला न सांगता गोळी बंद केली, म्हणे नॉर्मल आहे तर कशाला घ्यायची, आणि दोन-तीन दिवसांनी मोजलं तरी ठीकच आलं म्हणून त्यांची खात्रीच पटली. काल मी मोजलं तर १६६/९८. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, त्यामुळे मशीनच बिघडलंय म्हणतात. मला रात्रभर झोप नाही. काय करू?

पायवाट: मी पण असंच केलं होतं. त्रास काहीच नाही म्हणून वर्षभर मोजलंसुद्धा नाही, शेवटी चष्म्याचा नंबर तपासायला गेले तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघून विचारलं, तुम्हाला बीपी आहे का. नॉर्मल येत होतं ते गोळीमुळेच येत होतं हो.

निळाई: मी नर्स आहे. त्या दोन-तीन दिवसांवरच खूप जण फसतात. अमलोडिपिन शरीरातून फार हळू जाते, निम्मी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे बंद केल्यावर बीपी लगेच चढत नाही आणि माणसाला वाटतं गोळीची गरजच नव्हती. (क्लोनिडिनसारख्या बीपीच्याच दुसऱ्या काही गोळ्यांचं उलटं, त्या अचानक थांबवल्या की बीपी एकदम उसळतं.) मशीनवरून वाद घालू नका, पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा आणि लिहून ठेवा, पण डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं तर लगेच हॉस्पिटल गाठा. आणि गोळी का सोडली ते त्यांना एकदा निवांत विचारा, नॉर्मल आलं हे बरेच जण वरवरचं सांगतात.

सावली: विचारलं. आधी काही नाही म्हणाले, मग म्हणाले घोटे सुजायचे, संध्याकाळी चप्पल घट्ट व्हायची. डॉक्टरांना सांगितलं तर अजून एक गोळी वाढवतील म्हणून गप्प बसले. इतके महिने एकट्याने सहन केलं, खूप वाईट वाटलं.

निळाई: अमलोडिपिनने असं होतं, बऱ्यापैकी कॉमन आहे. डोस कमी करून किंवा गोळी बदलून सूज उतरते. सुजेची दुसरी कारणंही असतात, म्हणून पाय डॉक्टरांना दाखवाच.

सावली: उद्या सकाळची वेळ मिळालीये, बाबा यायला तयार आहेत. मशीन पण नेते, तिथल्या मशीनशी ताडून बघायला.