चढावर गाडी ओढत नाही. सपाट रस्त्यावर मात्र दोष जाणवत नाही

प्रश्न

माझी गाडी १.२ लिटर पेट्रोल इंजिनची, चार सिलिंडरची आणि मॅन्युअल गिअरची असून आजवर सुमारे ९०,००० किलोमीटर चालली आहे. सपाट रस्त्यावर ती पूर्वीसारखीच धावते. पण लांब चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये ऍक्सिलरेटर पूर्ण दाबूनही फेऱ्यांचा काटा २,५०० च्या वर सरकत नाही, उलट वेग उतरत जातो आणि अखेर पहिल्या गिअरवर यावे लागते. पाय किंचित मागे घेतला तर गाडी थोडी सावरते. आणखी एक गोष्ट लक्षात आली आहे: गाडी सुरू करून लगेच चढाला लागलो तर ती व्यवस्थित ओढते, पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर मात्र हा त्रास सुरू होतो. इंजिनचा दिवा लागत नाही, धूर येत नाही, इंजिन तापतही नाही. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलून झाले, फरक पडला नाही. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेथे आता क्लचप्लेट बदलण्यास सांगत आहेत. एवढे मोठे काम हाती घेण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे कसे ठरवावे?

पहिला प्रतिसाद

क्लचप्लेट बदलू नका. क्लच घसरत असेल तर इंजिनचे फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही. आपल्या गाडीत फेरेच वाढत नाहीत, म्हणजे क्लच इंजिनला घट्ट धरून आहे आणि कमी पडते आहे ते इंजिन. ब्रेक चिकटत नाहीत ना, एवढे मात्र पाहून घ्या: थोडे अंतर चालवून चारही चाकांजवळ हात न्यावा, एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले असेल तर ते कळते.

दोष चढावरच का दिसतो, हे आकड्यांतून स्पष्ट होईल. माणसांसह १,१०० किलो वजनाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने चालवायला साधारण २ किलोवॅट शक्ती पुरते. दर १०० मीटरला ८ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर तोच वेग राखायचा, तर त्यावर आणखी जवळजवळ साडेनऊ किलोवॅट लागते. एरवी इंजिनकडून आपण फारच थोडे मागत असतो, म्हणून सपाटीवर अर्धवट आजारी इंजिनही निरोगी वाटते.

दुसरा प्रतिसाद

आता प्रश्न उरतो तो इंजिनला पेट्रोल कमी पडते, ठिणगी कमी पडते, की सायलेन्सरच्या बाजूने वायू बाहेर पडायला अडतात, एवढाच. निदानाच्या सॉकेटला स्कॅनर जोडा, शेजारी दुसऱ्या कोणाला बसवा आणि त्रास देणाऱ्या चढावरच पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे (इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या वायूंतला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाचे) व्होल्टेज पाहायला सांगा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरवर पूर्ण ऍक्सिलरेटर दाबल्यावर ते ०.८ ते ०.९ व्होल्टवर टिकले पाहिजे, कारण त्या वेळी इंजिन मुद्दाम जास्त पेट्रोल मागत असते. ओढ जाताच ते ०.२ च्या खाली कोसळत असेल, तर पेट्रोल पुरत नाही असे समजावे. ठिणगी चुकली तरी न जळलेल्या ऑक्सिजनमुळे सेन्सर असाच फसतो, पण मिसिंगचे झटके बसल्यावाचून राहत नाहीत आणि आपण झटक्यांचा उल्लेख केलेला नाही. व्होल्टेज वर टिकून ओढ जात असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातला वायू शुद्ध करणारा भाग, तुंबल्याचा संशय घ्यावा.

पेट्रोलचा दाब गाडी उभी असताना मोजून समाधान मानू नका. त्या वेळी खप इतका कमी असतो की थकलेला पंपही योग्य दाब दाखवतो. गेज बाहेरून पुढच्या काचेवर चिकटपट्टीने पक्के बसवून चढावर वाचावे. पेट्रोलची नळी गाडीच्या आत कदापि आणू नये, आणि इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब राहतो, म्हणून तो सोडल्याशिवाय जोड उघडू नये.

तिसरा प्रतिसाद

पंधरा-वीस मिनिटांनंतर त्रास सुरू होतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पेट्रोल पंपाखालची तुंबलेली जाळी किंवा पेट्रोलचा फिल्टर सहसा घड्याळ पाहून अडवत नाही. तापल्यावर बिघडणारी वस्तू बहुधा विजेच्या मार्गातली असते. दाब कमी निघाला तरी लगेच पंप बदलू नका. आधी पंपाच्या प्लगवर, पंप चालू असताना, व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवरच्या व्होल्टेजशी ताडून पाहा. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक असेल तर रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच), वायर, अर्थिंग आणि प्लगच्या पिना तपासाव्यात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण सांगितले त्याच क्रमाने सर्व तपासले. थंड गाडीत सेन्सर चढावर ०.८५ व्होल्ट दाखवत होता. वीस मिनिटांनी त्याच चढावर तो ०.१५ वर आला आणि पेट्रोलचा दाब ३.५ बारवरून २.१ बारपर्यंत उतरला. मग मागची सीट काढून पंपाच्या प्लगवर मीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते, प्लगवर फक्त १०.८.

प्लग ओढून काढला तेव्हा अर्थिंगच्या पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडून मऊ झाले होते आणि पिन बोटाने हलत होती. पंप ५ अँपिअर घेतो असे धरले तर तीन व्होल्टच्या घटीने त्या एका पिनेवर १५ वॅट उष्णता साठत होती. तापली की पकड आणखी सैल, आणि सैल झाली की आणखी तापणार. पंप आणि त्याखालची जाळी दोन्ही चांगल्या स्थितीत होती, म्हणून ती तशीच ठेवली. वायरच्या तुकड्यासह नवा प्लग जोडून घेतला. आता प्लगवर १३.६ व्होल्ट मिळतात, अर्धा तास चालवल्यानंतरही चढावर दाब ३.४ बारच्या खाली येत नाही, आणि तो चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्येच पार करते.