बॅगा टेम्पोत गेल्या म्हणून दौराच फालतू?

सातपूरचा डावखुरा: काल कोणीतरी तो जुना व्हिडिओ परत फिरवला. एप्रिल २०२४, वेस्ट इंडिज ‘अ’ (म्हणजे दुसऱ्या फळीचा संघ) काठमांडूला उतरलीय आणि खेळाडूंच्या बॅगा छोट्या टेम्पोत भरल्या जातायत. वर शेरा: ‘असल्या देशांत दौरे काढूच नयेत, वेळ फुकट.’ खाली नुसतं खिदळणं. हसणाऱ्यांनी पुढची मॅच पाहिली का? काठमांडूजवळच्या कीर्तिपूरला पहिल्याच टी-ट्वेंटीत विंडीजने २०४ केल्या, त्या नेपाळने काढल्या. त्यांचा कॅप्टन रोहित पौडेल एकटा ११२! समोर रोस्टन चेस, फॅबियन ॲलन असे विंडीजच्या मुख्य संघातून खेळलेले होते, गल्लीतली पोरं नव्हे. मालिका ३-२ ने गेली, मान्य. पण दीड महिन्यात याच पोरांनी वर्ल्डकपला दक्षिण आफ्रिकेला ११५ वर रोखलं आणि एका रनने हरली.

कॉलेज रोडचा अंपायर: एका रनने हरली म्हणजे हरलीच ना? आणि ‘अ’ संघ होता हो तो. अशा दौऱ्यांना मी दौरा म्हणत नाही, सहल म्हणतो. याच नेपाळने २०२३ च्या एशियन गेम्सला मंगोलियाविरुद्ध ३१४ कुटल्या आणि त्यांना ४१ वर गुंडाळलं. उद्या मंगोलियालाही टीम पाठवायची का?

सातपूरचा डावखुरा: २०२५ ला विंडीजच्या मुख्य संघाला २-१ ने हरवलं, तेव्हा झोपला होतात?

कॉलेज रोडचा अंपायर: शारजात! यजमान नेपाळ आणि मैदान उसनं. विंडीजचे बरेच मोठे खेळाडू तर घरीच होते.

सातपूरचा डावखुरा: दुसऱ्या मॅचला ८३ वर ऑलआउट झाले, तेही घरी बसूनच झाले का?

आडगाव नाका: आमच्या कोपऱ्यावर चायनीजच्या गाडीवर नेपाळचा एक दाजू आहे. पौडेलच्या शंभरच्या दिवशी मोबाईल सॉसच्या बाटलीला टेकवून मॅच लावली होती. माझं मंचुरियन पार करपवलं आणि वर पैसेही घेईना. सहलीसाठी कोणी धंदा बुडवत नाही, अंपायरसाहेब.

कॉलेज रोडचा अंपायर: गुरख्यांच्या भावना आणि क्रिकेटचा दर्जा यात गल्लत करू नका.

आडगाव नाका: तो गुरखा नाही, आचारी आहे. तोंड सांभाळून लिहा.

पंचवटीचे काका: अरे नेपाळचं काय घेऊन बसलात, इथे नाशकात पोरांना खेळायला जागा आहे का? आमच्या कॉलनीचं मैदान नोव्हेंबर ते मे लग्नांच्या मांडवाखाली. मांडव उठला की पिचमध्ये बांबूचे खड्डे आणि गवतात खिळे. नातवाच्या तळव्यात गेला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं.

मखमलाबादची आई: काका, अगदी! लेक लेगस्पिन टाकते. ट्रायलसाठी पहाटेची गाडी पकडून परगावी गेलो, दिवसभर उन्हात बसलो आणि मिळाले सहा बॉल. त्यातला एक वाईड. परत येताना पोर एक शब्द बोलली नाही. शेवटी सिन्नरच्या लेगस्पिनर माया सोनवणेचे व्हिडिओ दाखवून तिची समजूत काढली.

कॉलेज रोडचा अंपायर: अहो, २०२५ च्या जानेवारीत अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्र-बडोदा रणजी झाली की. महाराष्ट्राचा स्पिनर सत्यजित बच्छाव आपलाच, नाशिकचा. तेव्हा तुम्ही सगळे कुठे होतात?

पंचवटीचे काका: मी होतो, नातवाला घेऊन, चारही दिवस! तुम्ही नव्हता. त्यानंतर पोरगं महिनाभर भिंतीवर बॉल मारत होतं, शेजारीण भांडायला आली. आणि चार दिवसांच्या रणजीने खिळे निघतात का हो?

सातपूरचा डावखुरा: काका, कीर्तिपूरची पोरं तरी दुसरं काय मागतायत? कोणीतरी मोठं त्यांच्या दारात खेळायला यावं एवढंच ना.

कॉलेज रोडचा अंपायर: बरं बाबा, जिंकलात. पाठवा टीम नेपाळला. पण ‘अ’ नको, मुख्यच पाठवा, म्हणजे हरल्यावर सबब नको. आणि टेम्पोचं म्हणाल तर निफाडच्या टूर्नामेंटला आम्ही अकराजण कांद्याच्या पिकअपमध्ये उभे राहून गेलो होतो. बॅगा नव्हत्याच, किट एकच.

आडगाव नाका: गुरखावाली कमेंट आधी काढा.