कातळशिल्पं म्हणजे कोकणातल्या पहिल्या गोष्टी का?

सड्यावरचा: परवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीला जाऊन आलो, सड्यावरच्या कातळात कोरलेला तो मोठ्ठा हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले मासे, प्राणी बघून डोक्यातून जातच नाहीये. माणूस गोष्टी सांगायला नक्की कधी लागला असेल?

खाडीकाठ: नक्की साल कोण सांगणार, बोललेलं उरत नाही ना. पण इंडोनेशियात सुलावेसीच्या गुहेत डुक्कर आणि त्याच्याभोवती तीन माणसांसारख्या आकृत्या असं चित्र आहे, किमान ५१,२०० वर्षं जुनं. नुसता प्राणी नाही, काहीतरी घडतंय त्यात, म्हणून मला ती गोष्टच वाटते. लिहिणं फार उशिरा आलं, सुमेरमध्ये म्हणजे आताच्या इराकमध्ये, तेही आधी हिशेबासाठी.

कुडाळकर: आमच्या पिंगुळीचे चित्रकथी बघा एकदा, एकेक चित्र पुढे धरून रामायण गाऊन सांगतात, मला तर कातळ आणि पोथी यांच्यामधला दुवा तोच वाटतो.

माडबन: आणि शेकोटी विसरू नका रे! मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांची बोलणी तपासली, दिवसा जास्त करून कामाचं आणि तक्रारींचं, रात्री विस्तवापाशी मात्र ८१ टक्के गोष्टी. आमची आजी पण भुताखेताचं दिवेलागणीनंतरच काढायची, दुपारी विचारलं तर आधी सोलं वाळत घाल म्हणायची.

सड्यावरचा: हे भारी आहे, पिंगुळीला जातोच आता.