मदत हवी आहे : हार्लेची छोटी गाडी घ्यावी का? (एक्स४४० की स्पीड ४००)

वाशिष्ठीकाठ :

नमस्कार मंडळी,

नवी गाडी घ्यायची हे नक्की झालंय, कोणती यावर घोडं अडलंय. इथे बऱ्याच जणांकडे मोठ्या गाड्या आहेत, म्हणून विचारतो.

मी चिपळूणला असतो. सध्याची गाडी दीडशे सीसीची, आता बरीच जुनी झाली. रोज परशुराम घाटातून लोट्यापर्यंत जाऊन-येऊन. सासुरवाडी कराडची, त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचा, आणि तेव्हा बायको मागे असतेच. सुट्टीला गुहागर, दापोली. उंची पाच फूट पाच इंच. ऑन-रोड सव्वातीन लाखांच्या वर जायचं नाही, असा घरात ठराव झालाय.

दोन गाड्या डोक्यात आहेत, हार्ले एक्स४४० आणि ट्रायम्फ स्पीड ४००. दोन्ही २०२३ च्या जुलैत दोन दिवसांच्या अंतराने बाजारात आल्या, पहिली २ लाख २९ हजारांपासून, दुसरी २ लाख ३३ हजारांना (एक्स-शोरूम). तेव्हापासून बघतोय. आता पैसे जमलेत तर धीर होत नाही.

मन हार्लेकडे आहे, खोटं कशाला बोलू. पण कंपनीतला मित्र म्हणतो, "ती हार्ले नव्हेच, हिरोच्या गाडीवर हार्लेचं नाव आहे." वडील म्हणतात, जी कंपनी एकदा देश सोडून गेली ती परत जाणार नाही कशावरून. दोघांचंही पूर्ण चुकीचं वाटत नाही. आणि पाऊस, घाट, मागे माणूस, गावात सर्व्हिस सेंटर नाही, या सगळ्यात कोणती बरी? अनुभवी लोकांनी सांगावं.

जुना_बुलेटवाला :

आधी मित्राच्या बोलण्याचं बघू. एक्स४४० हिरोने बनवली हे खरंच आहे, ते कोणी लपवलेलं नाही. २०२० च्या ऑक्टोबरात दोघांचा करार झाला, त्याखाली हिरो हार्लेच्या नावाने गाडी बनवते आणि विकते, मोठ्या हार्लेंची विक्री आणि सुटे भागही तीच बघते. गाडी राजस्थानात नीमराण्याला तयार होते.

पण "खरी हार्ले" म्हणजे मिलवॉकीतली (अमेरिकेतलं हार्लेचं मूळ गाव) दोन सिलिंडरवाली अजस्र गाडीच, हे इतिहासाला धरून नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन डीकेडब्ल्यूच्या गाडीचा आराखडा विजेत्या देशांच्या हाती लागला. इंग्लंडात बीएसएने त्यावर बँटम काढली आणि अमेरिकेत हार्लेने १९४८ सालासाठी १२५ सीसीची गाडी. हो, एकशे पंचवीस! १९६० मध्ये इटलीतल्या एरमाकी कंपनीचा मोटारसायकलचा निम्मा धंदा विकत घेतला आणि तिथली २५० सीसीची स्प्रिंट हार्लेच्या नावाने अमेरिकेत विकली. १९७८ मध्ये तो कारखाना विकून मोकळे झाले. आता चीनमध्ये क्यूजे मोटरकडून एक्स३५० करून घेतात. म्हणजे परक्या कारखान्यातली छोटी हार्ले ही जुनीच चाल आहे. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी : या छोट्या गाड्यांचा कंटाळा त्यांना लवकर येतो.

घाटात_दुसरा_गिअर :

वरची माहिती मस्त, पण धागाकर्त्याला घाट चढायचाय. त्याबद्दल बोलतो. दोन्ही गाड्या चालवल्यात, एक माझी आहे. कोणती ते शेवटी सांगतो, नाहीतर पुढचं कोणी वाचणार नाही.

कागदावर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, जवळपास सारखा. एक्स४४० चा ३८ एनएम, स्पीडचा ३७.५. पण हार्लेला तो ४००० आरपीएमला मिळतो आणि ट्रायम्फला ६५०० ला. सगळा फरक इथेच आहे. कुंभार्लीत उसाच्या नाहीतर जांभ्याच्या ट्रकमागे अडकलात की वेग वीस-पंचवीस, दुसरा गिअर, इंजिन अडीच-तीन हजारांवर. वळण संपून समोर मोकळा तुकडा दिसला की एक्स४४० नुसती मूठ पिळली तरी निघते, गिअर पाडायला लागत नाही. स्पीड खाली मरते असं अजिबात नाही, त्या मानाने छान ओढते. पण मागे माणूस असेल तर हात आपोआप क्लचकडे जातो.

आता उलट बाजू. ताकद बघितली तर स्पीड चाळीसच्या घरात बीएचपी देते आणि एक्स४४० सत्तावीस. कराडला उतरून पुणे-बंगळूर हायवेला लागलात की शंभरच्या पुढे हार्ले म्हणते "बस झालं की". स्पीड तिथे नुकती जागी होते. वजनातही हार्ले १९०.५ किलो, स्पीड आली तेव्हा १७६ किलो. वळणावळणाच्या रस्त्यावर हलकी गाडी हलकी लागते, त्याला इलाज नाही.

तुमचा रस्ता जास्त कोणता? तुम्ही लिहिलंय त्यावरून घाट आणि गावचे रस्ते. हायवे थोडा. मग माझं मत एक्स४४० ला. (माझी स्वतःची स्पीड आहे. मी पुण्यात राहतो, हायवेवर जास्त असतो.)

करडी_नजर :

पैशांचं कोणीच बोललं नाही? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा सेस धरून ३१ होता तो ४० टक्के झाला. तुमच्या दोन्ही गाड्या नेमक्या रेषेच्या पलीकडे, एक ३९८ सीसी आणि एक ४४०. कंपन्यांनी काही भार स्वतः उचलला, पण तो किती दिवस उचलणार? त्यामुळे २०२३ च्या किमती विसरा आणि शोरूममधून आजचं ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या. विमा, हँडलिंग, ॲक्सेसरीज, सगळं सुटं सुटं लिहून मागा.

तेवढ्यात ३५० मध्ये काही चालत असेल तर बघा. रॉयल एनफील्डच्या क्लासिकचं इंजिन २० बीएचपी आणि २७ एनएमचं आहे, रोजच्या घाटाला कमी पडत नाही. शिवाय मेकॅनिक प्रत्येक तिठ्यावर.

वाशिष्ठीकाठ :

@घाटात_दुसरा_गिअर, अगदी हेच हवं होतं. परशुराम घाटात कंटेनरमागे रोज हीच गत.

@करडी_नजर, जीएसटीचं ऐकून होतो, पण आपण रेषेच्या चुकीच्या बाजूला आहोत हे कळलं नव्हतं. क्लासिक नको. आमच्या आळीत इतक्या आहेत की सकाळी कोणाची सुरू झाली हे आवाजावरूनही सांगता येत नाही.

वडिलांच्या प्रश्नाचं काय?

चाकणचा_वारा :

वडिलांचा प्रश्न सगळ्यात शहाणा आहे.

हार्ले पहिल्यांदा आली तेव्हा हरियाणात बावलला जुळणी करायची. २०१४ मध्ये स्ट्रीट ७५० आणली, ४ लाख १० हजारांना. तीच तेव्हाची त्यांची "परवडणारी" गाडी! हार्ले म्हणून घेणाऱ्याला ती छोटी वाटली आणि आपल्यासारख्याला महाग. २०२० च्या सप्टेंबरात कंपनीने इथलं उत्पादन आणि विक्री गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. दोष फक्त गाडीचा नव्हता. तेव्हाचं सगळं दुकान कंपनीचं स्वतःचं होतं, विक्री मूठभर, खर्च भरमसाठ.

आताचा फरक असा की दुकान हिरोचं आहे. उद्या मिलवॉकीतल्या कोणाचं मन बदललं तरी इंजिनाचे साचे, सुटे भाग पुरवणारे, कारखाना, सगळं इथेच आहे. ट्रायम्फचंही तसंच. बजाजशी त्यांचा करार २०२० च्या जानेवारीत झाला आणि या ४०० सीसीच्या गाड्या आमच्या चाकणला बनतात, इथून परदेशीही जातात. बीएमडब्ल्यूची जी३१० टीव्हीएसने होसूरला बनवली. नाव परदेशी, घाम इथला.

आता केटीएम बघा, ड्यूकवाली कंपनी, तिच्या गाड्याही इथे बजाज बनवते. २०२४ च्या नोव्हेंबरात तिकडे ऑस्ट्रियात त्यांनी दिवाळखोरीच्या कारवाईसाठी अर्ज केला. इथे ड्यूक विकल्या जात होत्या, सर्व्हिसला जात होत्या, आणि पुढे बजाजनेच पैसे ओतून ती कंपनी सावरली. म्हणून टाकीवरचं नाव किती जुनं आहे ते बघू नका, गाडी बनवणारा इथे किती घट्ट पाय रोवून आहे ते बघा. त्या हिशेबात हिरो आणि बजाज दोघांवरही माझा भरवसा आहे.

नाव_नाही_सांगणार :

चाकणवाल्यांचं पटतं, पण भरवसा शोरूमच्या दारापर्यंतच असतो. माझ्याकडे एका परदेशी कंपनीची मध्यम आकाराची गाडी होती. सिग्नलला उभी असताना आडवी पडली आणि क्लचचा लिव्हर मोडला. दिसायला साधी वस्तू. डीलर म्हणे मागवलाय, मग म्हणे गोदामात नाही, मग फोन उचलेना. शेवटी लेथवाल्याकडून दुसऱ्या गाडीचा लिव्हर घासून बसवला आणि गाडी विकेपर्यंत तोच होता.

म्हणून खरेदीच्या आधी एक करा. सेल्सवाल्याला सोडून थेट पार्ट्सच्या काउंटरला जा आणि विचारा : क्लच लिव्हर, ब्रेक पॅड, क्लच केबल, इंडिकेटर आत्ता आहे का? दाखवा म्हणावं. "दोन दिवसांत येतो" हे उत्तर म्हणजे नाही.

खरी_हार्ले_ती_व्ही_ट्विन :

हे वाचवत नाही. पंचेचाळीस अंशांचं व्ही-ट्विन (इंग्रजी व्हीसारखे दोन सिलिंडर) इंजिन, तो थबकत चालणारा आवाज, याला हार्ले म्हणतात. एका सिलिंडरच्या गाडीवर ते नाव लावून तुम्हाला लोगो विकतायत, तुम्ही आनंदाने घेताय. त्यापेक्षा पैसे जमवा आणि सेकंडहँड घ्या.

जुना_बुलेटवाला :

सेकंडहँड मोठी हार्ले घेऊन लोट्याला रोज कामावर जायचं? कुंभार्लीतली हेअरपिन वळणं त्या लांबीच्या गाडीने घ्यायची, मागे बायको बसवून, पावसात? स्वतः करून बघा आणि मग सल्ला द्या.

रानजाई :

मागे बसणारीची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहिते. मी स्वतः गाडी चालवते आणि नवऱ्याच्या एक्स४४० वर मागेही बसते.

मागची सीट ठीक आहे, पण कराडपर्यंत जायचं तर एकदा थांबावं लागतं. पकडायला मागे दांडा आहे का, पाय ठेवायची जागा सायलेन्सरपासून लांब आहे का, हे शोरूममध्ये उभं राहून कळत नाही. टेस्ट राइडला बायकोला घेऊन जा. एकटे चालवून आलात तर अर्धीच गाडी बघितली असं समजा. साडी नेसून बसायची वेळ येत असेल तर साडी गार्डचंही विचारा.

उंचीचं सांगायचं तर एक्स४४० ची सीट ८०५ मिलिमीटर, स्पीडची ७९०. पाच-पाचला दोन्हीवर पाय टेकतात. त्रास वजनाचा होतो, आणि तोही चालवताना नाही. चढावर पुढचं चाक भिंतीला लावून गाडी उभी केली आणि मग मागे ओढायची वेळ आली की १९० किलो म्हणजे काय ते समजतं. कोकणातली अंगणं सगळी उताराची, त्यात शेवाळ. गाडी कुठे उभी करणार ते आधी बघून ठेवा.

आणि टायर! एक्स४४० आली तेव्हा सगळ्यात स्वस्त डेनिम प्रकाराला स्पोकची चाकं आणि ट्यूब होती. शोरूममध्ये कोणी तशी दाखवली तर भुलू नका, दिसतात मात्र फार सुंदर. घाटात भर पावसात ट्यूबचा पंक्चर म्हणजे चाक खोलणं आलं. अलॉय आणि ट्यूबलेस घ्या, वर जे काही हजार जातील ते पहिल्या पंक्चरला वसूल.

वाशिष्ठीकाठ :

रानजाई, फार उपयोगाचं लिहिलंत. अंगण उताराचंच आहे, आणि शेवाळसुद्धा. हे डोक्यात आलंच नव्हतं. बायकोला धागा दाखवला, ती म्हणाली या बाईंचंच ऐका, बाकीच्यांचं राहू द्या.

तर सध्या असं ठरतंय : एक्स४४०, अलॉयवाली. रविवारी आम्ही दोघं कोल्हापूरला जातोय, दोन्ही गाड्यांची टेस्ट राइड मागून ठेवलीय. पार्ट्सच्या काउंटरवर ते चार भाग नक्की विचारणार. कोटेशन मिळालं की इथे टाकतो. सर्व्हिसला दरवेळी घाट चढून जावं लागेल याचंच थोडं टेन्शन आहे. ट्रायम्फची सर्व्हिस पहिली झाली की १६,००० किलोमीटरनी किंवा वर्षाने असते म्हणे?

घाटात_दुसरा_गिअर :

हो, पहिली १००० किलोमीटरला, मग १६,००० किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. लांब राहणाऱ्याला हा ट्रायम्फचा मोठा फायदा, खरं तर मी आधीच लिहायला हवं होतं. पण १६,००० म्हणजे मध्ये काहीच बघायचं नाही असं नव्हे. कोकणच्या पावसात चेन दर पाचशे-सहाशे किलोमीटरला साफ करून तेल लावायचं, दोन्ही गाड्यांना. तेवढं घरी जमतं. एक्स४४० चं इंजिन हवा आणि तेलावर थंड होणारं आहे, रेडिएटर-कूलंटची भानगड नाही, तेही तुमच्यासारख्याला सोयीचं. तिचं सर्व्हिसचं वेळापत्रक मात्र काउंटरवरच छापील मागून घ्या.

टेस्ट राइडला शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर फेरी मारून परत येऊ नका. चढ असलेला रस्ता मागा, मागे वहिनींना बसवा, तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाला गाडी येऊ द्या आणि मग मूठ पिळा. दोन्ही गाड्यांवर तेच, त्याच चढावर.

रानजाई :

आणि पाऊस असेल तर टेस्ट राइड पुढे ढकलू नका. उलट बरंच.